सारख्या काट्यांचं घड्याळ

दिवाळीच्या आठ दिवस आधी सुकलाल पाटलांचा पाय मोडला. केळीच्या बागेला पाणी नीट जातंय का ते बघायला गेले आणि ठिबकच्या नळीत पाय अडकून आडवे झाले. शहाद्याच्या डॉक्टरांनी मांडीपासून पावलापर्यंत प्लॅस्टर घातलं आणि सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही म्हणून बजावलं. बाहत्तर वर्षांत सुकलाल सहा दिवससुद्धा सलग घरात बसले नव्हते. खाट पुढच्या खोलीत टाकली होती. उजवीकडं खिडकी, तिच्यातून फक्त गोठ्याची मागची भिंत दिसायची. समोर आणखी एक भिंत, तिच्यावर घड्याळ.

ते घड्याळ मुलाच्या, हेमकांतच्या लग्नात आलेलं. पांढरी तबकडी, ठसठशीत काळे आकडे, दोन काळे काटे. सेकंदकाटा त्याला पहिल्यापासून नव्हता. आता नेमकं दिवाळीची जळमटं काढताना छबूबाईंचा झाडू त्याला लागला आणि ते खाली पडलं. काच फुटली, लहान काटा मधोमध तुटला.

"घड्याय नीट करी आन," सुकलाल बायकोला म्हणाले. "माले दुसरं देखाले काय शे अठे?"

बाजाराच्या दिवशी छबूबाई घड्याळ पिशवीत घालून शहाद्याला गेल्या. एसटी स्टँडजवळच्या गल्लीत उमेदमल जैनांचं घड्याळाचं दुकान आहे. उमेदमलांचे आजोबा राजस्थानातून आले, तेव्हापासून दुकान तिथंच. सगळं शहादं त्यांना उमेदशेठ म्हणतं. डोळ्याला भिंग लावून त्यांनी घड्याळ उघडलं, नवी काच बसवली, आणि काट्यांचा डबा उपडा केला. या घड्याळाच्या भोकाला बसेल असा लहान काटा त्यात निघेना. शेवटी एक मोठा काळा काटा घेऊन त्यांनी त्याचं भोक वाढवलं आणि लहान काट्याच्या जागी बसवला.

"आता कापून लहान करतो, ताई. दहा मिनिटं बसा."

"ऱ्हाऊ द्या. मन्ही गाडी लागेल शे," छबूबाई म्हणाल्या. "तसंच द्या."

"दोन्ही काटे सारखे झालेत. वेळ कळायची नाही."

"त्यासले कोठे जावानं शे? पुढला बाजारले आनसू."

अशा तऱ्हेनं दोन सारख्या लांबीच्या काट्यांचं घड्याळ सुकलालांच्या समोर येऊन टांगलं गेलं.

पहिले दोन दिवस सुकलाल नुसते चिडले. एक काटा सातच्या पुढं, एक दोनच्या पुढं. म्हणजे सव्वासात की अडीच? उजेडावरून सकाळ आहे हे कळायचं, पण हे काही घड्याळ बघणं नव्हे. छबूबाईंनी उपाय सांगितला, "दोन मिनिटं देखा ना. जो सरकस तो मोठा."

"दोन मिनिटं देखानं तर घड्याय कशाले? एक नजरमा समजाले जोयजे."

तिसऱ्या दिवशी सकाळी ते तसेच बघत पडले होते. काटे पुन्हा तिथंच, सात आणि दोनच्या पुढं. बघता बघता त्यांना वाटलं की सातच्या पुढचा काटा सातला बराच चिकटून आहे. तो जर तासाचा असेल, तर सात वाजून थोडीच मिनिटं झालीत, दहा-बारा. आणि दुसरा काटा बरोबर बारा मिनिटांवरच आहे. जुळलं. आता उलटं धरू. दोनच्या पुढचा काटा तासाचा धरला, तर तो दोन आणि तीनच्या साधारण मध्याच्या जरा अलीकडं आहे, म्हणजे दोन वाजून पंचवीसेक मिनिटं व्हायला हवीत. पण मग दुसरा काटा पाचच्या जवळ हवा होता. तो तर सातच्या पुढं आहे. जुळत नाही. म्हणजे सात वाजून बाराच.

त्यांनी छबूबाईंना हाक मारून मोबाइल मागवला. मोबाइलवर सात वाजून तेरा मिनिटं झाली होती.

सुकलाल जुन्या अकरावीपर्यंत शिकलेले. गणितात वर्गात त्यांच्या पुढं कोणी नव्हतं. पण वडील अचानक गेले, अठरा एकर जमीन अंगावर पडली, आणि पुढचं शिक्षण राहून गेलं. त्याचं त्यांना फार वाईट वाटलं असंही नाही. शेती त्यांनी आवडीनं केली. मात्र ठिबकचा दाब, खताचं प्रमाण, केळीच्या ओळीतलं अंतर असे हिशेब ते कागदाशिवाय, डोक्यातच करायचे, आणि ते करताना त्यांचा चेहरा वेगळाच दिसायचा. तसा चेहरा आता खाटेवर दिसायला लागला.

आठवड्याभरात त्यांना सराव झाला. डोळे मिटायचे, थोडं थांबायचं, उघडायचे आणि वेळ सांगायची. छबूबाई येता-जाता परीक्षा घ्यायच्या. स्वयंपाकघरातून विचारायच्या, "कितला वाजनात?" आणि मोबाइलवर ताडून बघायच्या. मिनिट-दोन मिनिटांचाच फरक पडायचा. पुढचा बाजार आला तेव्हा छबूबाईंनी घड्याळ काढायला हात लावला, तर सुकलाल म्हणाले, "ऱ्हाऊ दे. माले समजस." हळूहळू छबूबाईंनी मोबाइल बघणं सोडून दिलं. नवऱ्याला विचारणं सोपं होतं.

चौथ्या आठवड्यात छबूबाईंच्या भावाकडं नंदुरबारला नातीचं बारसं निघालं. एक वाजता पाळणा. अकराची एसटी फाट्यावर धरली की वेळेवर पोचता येणार होतं. हेमकांत आणि सून कापूस वेचायला शेतात गेले होते, नात काजल शहाद्याला कॉलेजला. घरात दोघंच होते. छबूबाईंनी सगळं लवकर आवरलं. बाळासाठी शिवलेली कुंची, झबलं आणि टोपरं पिशवीत ठेवलं आणि आतूनच विचारलं, "कितला वाजनात हो?"

सुकलालांचा जरा डोळा लागला होता. त्यांनी डोळे उघडले. एक काटा दहाला टेकायला आलेला, दुसरा दहा आणि अकराच्या मध्ये, अकराकडं झुकलेला. दहाजवळचा तासाचा, म्हणजे नऊ वाजून गेलेत आणि दहा होत आलेत. दुसरा काटा चोपन्न मिनिटांवर. जुळलं.

"दहाले सहा कमी," ते म्हणाले.

"मंग भलता टाईम शे. च्या ठेवस."

छबूबाईंनी चहा केला. दोघांनी तो निवांत घेतला. बाळाचं नाव काय ठेवणार यावर बोलणं झालं. छबूबाईंनी लुगड्याच्या निऱ्या पुन्हा एकदा नीट केल्या. बोलता बोलता सुकलालांची नजर भिंतीवर गेली. एक काटा अकराच्या जरा पुढं होता, दुसरा बरोबर दोनवर. कसंही बघितलं तरी अकरा वाजून दहा मिनिटं.

"मोबाइल देख बरं," ते म्हणाले.

छबूबाईंनी बघितला. अकरा वाजून दहा.

त्यांनी मोबाइल पिशवीत टाकला. मग छबूबाई म्हणाल्या, "तुम्हनावर भरोसा ठेवा अन् च्या पीत बठी ऱ्हायनू." आवाज चढला नव्हता, त्यामुळं सुकलालांना जास्त लागलं. त्या पिशवी उचलून बाहेर पडल्या. जाताना मागं वळून बघितलं नाही. पुढची एसटी दोन वाजता होती.

ती दुपार सुकलालांना फार जड गेली. उठून फाट्यापर्यंत जाता आलं असतं, कोणाची मोटरसायकल थांबवता आली असती, तर त्यांना बरं वाटलं असतं. पण पाय प्लॅस्टरमध्ये आणि मोबाइल छबूबाईंबरोबर. भाऊ वाट बघत असेल, पाळणा खोळंबला असेल, की थांबलेच नसतील, असे सगळे विचार त्यांनी आलटून पालटून केले. मग त्यांनी उशाखालची काजलची जुनी वही ओढली आणि सकाळी बघितलेलं घड्याळ काढलं. एक काटा दहाला टेकायला आलेला, एक दहा-अकराच्या मध्ये.

नऊ चोपन्न धरून त्यांनी पुन्हा तपासलं. चूक नव्हती. मग उलटं धरलं. दहा-अकराच्या मधला काटा तासाचा. तो अकराकडं झुकलेला, म्हणजे दहा वाजून पन्नासेक मिनिटं. दुसरा काटा दहाच्या किंचित अलीकडं, म्हणजे एकोणपन्नास-पन्नास मिनिटं. हेही जुळत होतं. दहा एकोणपन्नास. त्यांनी दोनदा, तीनदा बघितलं. दोन्ही वेळा अगदी बरोबर होत्या, आणि घड्याळाकडं बघून खरी कोणती हे सांगायला जगात काही मार्ग नव्हता.

त्यांनी वही छातीवर ठेवली. इतके दिवस त्यांना वाटत होतं की एक जुळतं तेव्हा दुसरं जुळतच नाही. दुसरं जुळतं का ते त्यांनी आज बघितलंच नव्हतं.

छबूबाई दिवेलागणीला परत आल्या. सुकलालांनी दारातच बोलायची तयारी केली होती. "मन्ही चूक व्हयनी," ते म्हणाले.

छबूबाईंनी पिशवी खाली ठेवली. तिच्यात पाच-सहा डझन केळी होती.

"जालमसिंगनी गाडी भेटनी फाटावर," त्या म्हणाल्या. जालमसिंग गावातलाच, पिकअपमधून केळी नंदुरबारला न्यायचा. "म्हने, मामी बठ. मी नवं लुगडं नेसेल, अन् मांगे सगळा केळीना घड. भाऊना दारशी उतरनू तं पावना हसाले लागनात. साडेबाराले पोची गयू."

"मंग पाळणा?"

"मीच हालाया. हिरल नाव ठेवं." त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि स्वतःच हसायला लागल्या. "एसटीमा इतली मजा उनी नसती. अन् चूक मन्ही बी शे. शेठ दहा मिनिटं थांबा म्हने, मीच थांबनू नही."

सुकलालांनी मग त्यांना वही दाखवली. छबूबाईंनी दोन्ही वेळा समजून घेतल्या, वर मान करून भिंतीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "हाई मी कोनले सांगू? काजलले सांगा, ती गणित शिकस."

काजल बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. आजोबांची वही बघून तिनं आधी मान हलवली, मग ती खाटेजवळ खुर्ची ओढून बसली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी नऊ चोपन्नला तिनं मोबाइलवर घड्याळाचा फोटो काढला, आणि दहा एकोणपन्नासनंतर अर्ध्या मिनिटानं दुसरा. मग फोटो पुढंमागं करून मोबाइल आजोबांसमोर धरला.

"आबा, कोनता पहिला?"

सुकलालांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दोन्ही फोटो एकच होते. "नही सांगता येत," ते म्हणाले, आणि काजलनं बघितलं की त्यांना हरल्याचं अजिबात वाईट वाटत नव्हतं.

"असं बारा तासमा कितला येळा व्हस?" त्यांनी विचारलं. "माले वाटस दर पाच मिनिटले एक डाव. मी काल दुपारी मोजी ऱ्हायंतू. पाच मिनिटले घोळ व्हस, मंग सुटस, मंग परत घोळ. बारा तासना सातशे वीस मिनिटं. भागिले पाच, एकशे चव्वेचाळीस."

काजल थोडा वेळ पेन्सिल चावत बसली. मग म्हणाली, "आबा, समजा अजून एक काटा शे, आपल्याले न दिसणारा. मोठा काटा जितला फिरस त्याना बारापट तो फिरस."

"कशाले?"

"आपण मोठा काट्याले चुकून तासकाटा समजनूत, तर त्याना मिनिटकाटा जठे असाले जोयजे, तठे हाऊ न दिसणारा काटा शे. तो जर लहान काट्यावर येईसन बठना, तर आपण फसनूत."

सुकलालांनी डोळे मिटले. त्यांना तो काटा दिसायला लागला. लहान काटा एक फेरी मारतो तोवर मोठा बारा, आणि हा पळणारा बाराच्या बारापट, एकशे चव्वेचाळीस. पण तेवढ्या वेळात लहान काट्याचीही एक फेरी होते. पळणाऱ्याला त्याला गाठायला दरवेळी थोडं जास्त पळावं लागतं.

"एक कमी," ते म्हणाले. "एकशे त्रेचाळीस."

"बरोबर. अन् त्यामा दोन्ही काटा एकमेकवर येतस ते सोडानं. तठे अदलाबदल व्हयनी तरी वेळ एकच."

"ते कितला? बारा?"

"तेबी एक कमी. अकरा."

उरले एकशे बत्तीस. सुकलालांनी तो आकडा वहीत मोठ्या अक्षरांत लिहिला. त्या दिवशी जेवताना ते दोनदा म्हणाले की वांग्याची भाजी छान झाली आहे. असं ते सहसा म्हणत नाहीत.

सोमवारी त्यांनी उमेदमलांना फोन लावला. गोष्ट सांगायला फोन केला होता, पण बोलणं दुसरीकडंच अडकलं.

"एकशे बत्तीसचं मला माहीत नाही," उमेदमल म्हणाले. "पण सुकलालभाऊ, काटे अकरा वेळा नाही, बारा वेळा भेटतात. तासाला एकदा. पंचेचाळीस वर्षं मी काटे फिरवतोय."

"फिरावात, पन कधी मोजात का?"

मग उमेदमल म्हणाले, "गिऱ्हाईक आलंय," आणि फोन ठेवला.

गिऱ्हाईक कोणी आलं नव्हतं. उमेदमलांनी भिंतीवरचं एक घड्याळ उतरवलं, मागची कळ धरली आणि बारापासून काटे फिरवायला सुरुवात केली. एक वाजून पाच मिनिटांच्या पुढं पहिली भेट. दोन दहाच्या पुढं दुसरी. दहा चोपन्नला दहावी. अकराच्या तासात ते वाट बघत राहिले. मोठा काटा लहान्याच्या मागं मागं गेला आणि त्यानं त्याला गाठलं तेव्हा दोघंही बारावर उभे होते. अकरावी. त्यांनी आणखी एकदा फिरवलं. मग एका कागदावर अकरा भेटींच्या वेळा लिहून तो काचेखाली सरकवला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडं बघत राहिले. दुपारी त्यांची सून नेहल डबा घेऊन आली, तर त्यांनी आधी तिला विचारलं, बारा तासांत काटे किती वेळा भेटतात. ती बारा म्हणाली. उमेदमलांना फार बरं वाटलं.

दोन आठवड्यांनी एका बुधवारी दुकान नेहलवर सोपवून ते एसटीनं सुकलालांच्या गावाला आले. हातात अवजारांची लहान पेटी. सुकलालांचं प्लॅस्टर दोनच दिवसांपूर्वी निघालं होतं, काठी टेकत ते दारापर्यंत आले. इतक्या वर्षांच्या ओळखीत दोघांनी दुकानाच्या काचेवरूनच एकमेकांना बघितलेलं. आज पहिल्यांदा ते शेजारी शेजारी बसले.

"अकरा," उमेदमल म्हणाले. "दोनदा मोजलं."

"च्या लेवो," सुकलाल म्हणाले.

उमेदमलांना भिंतीवरच्या घड्याळासमोर बसवून सुकलालांनी त्यांची परीक्षा घेतली. पहिल्यांदा ते चुकले. दुसऱ्यांदा बरोबर आले. तिसऱ्यांदा सुकलालांनी मुद्दाम फसवा क्षण गाठला, आणि उमेदमल भिंग लावूनही सांगू शकले नाहीत. बघता बघता दोन तास गेले. छबूबाईंनी भाकरी, शेवभाजी वाढली. जेवण झाल्यावर त्यांनीच विषय काढला.

"शेठ, आते ते कापा. माले पुढला आठवडाले माहेर जावानं शे."

उमेदमलांनी सुकलालांकडं बघितलं. सुकलाल म्हणाले, "कापा. घरमा माणसंस्ले वेळ समजाले जोयजे." उमेदमलांनी घड्याळ उतरवून मांडीवर घेतलं, काच काढली आणि कटरनं तासाचा काटा मधून कापला. टोक कानशीनं घासून गोल केलं. पाच मिनिटांत घड्याळ पुन्हा भिंतीवर लागलं. खोलीत शिरणाऱ्या कोणालाही आता ते वाचता येत होतं. छबूबाईंनी कुणाला न विचारता त्यात वेळ बघितली आणि ताटं उचलायला आत गेल्या.

उमेदमलांनी पेटी बंद केली. मग सावकाश म्हणाले, "दुकानात एक जुनं घड्याळ आहे. त्याला दोन सारखे काटे बसवून ठेवतो. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारू. तुम्ही बाजाराला याल ना?"

"पाय बरा व्हई गया तं दर बाजारले."

तेव्हापासून सुकलाल बाजाराच्या दिवशी शहाद्याला जातात. भाजी, खत, बाकीची कामं हेमकांत बघतो. हे उमेदशेठच्या दुकानात स्टुलावर बसतात. कॉलेजची पोरंपोरी आता मुद्दाम थांबायला लागली आहेत. काजलच्या सरांनी एकदा येऊन एकशे बत्तीसचा हिशेब वहीत उतरवून नेला. गेल्या महिन्यात उमेदमलांनी सेकंदकाटा असलेलं घड्याळ समोर ठेवून विचारलं, की तिन्ही काटे एकाच जागी किती वेळा येत असतील. अकरा भेटींपैकी प्रत्येकीच्या वेळी सेकंदकाटा कुठं असतो ते काढायला दोघं बसले. बारा वाजताची भेट सोडली तर एकदाही तो तिथं सापडत नव्हता. सुकलाल म्हणाले, आपण भागाकारात चुकतोय, परत करू. परत केलं, तरी तेच आलं. पट्टा बदलायला आलेली एक बाई बराच वेळ उभी होती. नेहलनं तिला बसायला खुर्ची दिली आणि पट्टा स्वतःच बदलून दिला.